टाक, दौत आणि तीन हृदये

आमच्या जालन्यात समुद्र पुडीतून येतो. मुंबईचा किनारा इथून आगगाडीने चारशे किलोमीटरच्या पलीकडे. पण काष्ठौषधींच्या दुकानात ‘समुद्रफेस’ मागितला, की दुकानदार होडीच्या आकाराची पांढरी, ठिसूळ वडी काढून देतो. माझ्या आजीच्या बटव्यात ती नेहमी असे. “समुद्राचा फेस उन्हात वाळला, की अशी वडी होते,” असे आजी सांगे. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि आजीचेच म्हणणे फळ्यावर शब्दाची फोड करून वर्गाला ऐकवू लागलो. चांगली पंधरा वर्षे ऐकवले!

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत तो बटवा सापडला. वडी हातात धरून मुलीने विचारले, “बाबा, फेसाला अशा एकाखाली एक रेघा कशा?” मला उत्तर सुचेना. सुट्टी संपताच वडी खिशात घालून मी प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. “हा फेस नव्हे,” ते म्हणाले, “कटलफिश नावाच्या प्राण्याच्या पाठीतले हे कवच. त्याचा भाऊबंद पाहायचाय?” आणि त्यांनी कपाटातून माकुलाची बरणी काढली.

कोकणात ज्याला माकूल किंवा म्हाकूळ म्हणतात, तो हा प्राणी. नाव मासळीबाजारातले, पण हा मासा नव्हे. गोगलगाय आणि शिंपला यांच्या गोतातला. डोक्याला आठ बाहू आणि दोन लांब शुंडा. त्यांवर चोषके, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या. बाहूंच्या मधोमध पोपटासारखी चोच. पाठीत कवचाऐवजी एक पारदर्शक, लवचीक पाते; त्याला शास्त्रज्ञ लेखणीच म्हणतात. पोटात शाईची पिशवी. शत्रू अंगावर आला, की शाई सोडायची आणि नळीतून पाण्याची चिळकांडी मारून उलट दिशेने पसार व्हायचे. टाक आणि दौत जन्मतः जवळ असूनही लिहिण्याच्या फंदात न पडणारा हा प्राणी मला फार शहाणा वाटला.

हृदये तीन: दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरे साऱ्या अंगाला पुरवते. रक्तात लोहाऐवजी तांबे, म्हणून ते निळसर. मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा. त्यामुळे घास बारीक करूनच गिळावा लागतो. जेवताना घाई करणाऱ्या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट!

बरणीतला माकूल किनाऱ्याजवळचा होता. प्राध्यापकांनी मग नकाशा उघडून भर समुद्रातल्या माकुलाची हकीकत सांगितली. इंग्रजी नावाचा अर्थ ‘जांभळ्या पाठीचा उडता माकूल’, कारण तो पाण्याबाहेर झेप घेऊन हवेत तरंगत जातो. किनाऱ्यावरच्या माकुलाच्या डोळ्यांवर पातळ पडदा असतो. याचे डोळे थेट पाण्याला उघडे. बहुतेकांच्या पाठीवर, कातडीखाली, प्रकाश देणारा एक ठिपका असतो. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा इथपासून हिंदी महासागर ओलांडून जपान, ऑस्ट्रेलिया आणि थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्याचा संचार. विषुववृत्ताजवळ त्याची एक ठेंगणी जात वीतभरही भरत नाही. आणि सर्वांत थोर जात कुठे? आपल्या अरबी समुद्रात! तिचे नुसते धडच ६० सेंटिमीटरच्या पुढे जाते.

अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटरच्या खाली, पार हजार मीटरपर्यंत, प्राणवायूचा दुष्काळ असतो. दुष्काळ म्हणजे काय, हे जालन्याच्या माणसाला सांगायला नको. हा माकूल दिवसा त्या काळोख्या दुष्काळात उतरतो आणि रात्री वर येऊन शिकार करतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपच्या परिसरात त्याचा अभ्यास केला आहे. उद्या आपल्या बोटी त्याच्यामागे लागतील, तेव्हा एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्याचे आयुष्य जेमतेम एक वर्षाचे. अंडी घालायची आणि संपायचे. जुन्या पिढीची शिल्लक नसते; या वर्षीचे बियाणे खाल्ले, तर पुढच्या वर्षी पेरायला काही उरत नाही. बियाण्याच्या व्यापारावर नाव मिळवलेल्या आमच्या गावाला हे लगेच पटावे.

त्याचे शास्त्रीय नाव स्थेनोट्यूथिस ऊआलानिएन्सिस. लेसन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८३० साली ते ऊआलान बेटावरून ठेवले. प्रशांत महासागरातले ते बेट आज कोस्राए म्हणून ओळखले जाते. थोर जात आपल्या दारातली. नाव मात्र हजारो मैलांवरच्या बेटाचे!

त्या आठवड्यात मी वर्गात गेलो, फळ्यावर ‘समुद्रफेस’ लिहिले आणि म्हणालो, “मुलांनो, मी आजवर चुकीचे शिकवले.” क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरच्या, समुद्र कधीच न पाहिलेल्या एका मुलाने हात वर केला. “सर, ती वडी बघायला मिळेल का?”

ती वडी अजून माझ्याकडे परत आलेली नाही. वर्गातच फिरते आहे.