जुनी मोटार, जुनी विद्या : लेखांक सातवा – ठिणगीचा मुहूर्त

गेल्या आठवड्यात आपण उघडताना ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत राखून डेल्कोचे झाकण बंद केले. पुस्तकी भाषेत या यंत्रभागास डिस्ट्रिब्यूटर म्हणतात; आपल्या गॅरेजांत मात्र एका अमेरिकन कारखान्याचे नाव त्याला जे चिकटले ते चिकटलेच, आणि ते खोडून काढण्याची मला हौस नाही. फट आधी व टायमिंग मागाहून, हा क्रम उलटता येत नाही. कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आपोआप अलीकडे सरकते.

ठिणगी पडताक्षणी सिलिंडरमधील सारे मिश्रण एकदम पेटते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ज्वालेस पसरण्यास अवधी लागतो, आणि दाबाचा जोर तर दट्ट्या माथ्यावरून खाली वळल्यावर लगेच मिळावयास हवा. म्हणून ठिणगी तो माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच टाकावी लागते. बाभईहून बोरीवली स्थानकापर्यंत पायी वीस मिनिटे लागत असतील, तर गाडी सुटण्याच्या वेळी घराबाहेर पडणारा गृहस्थ कचेरीत लेटमार्कच खाणार, तसेच हे. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या मंद चालीत क्रँक सेकंदाला ३,६०० अंश फिरतो, ३,००० फेऱ्यांना १८,००० अंश. ज्वालेस दोन सहस्रांश सेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्यात पहिल्या चालीत क्रँक सात अंश सरकतो आणि दुसरीत छत्तीस. वेग वाढल्याने ज्वालाही काहीशी चपळ होते, परंतु दट्ट्याइतकी नव्हे; ही तफावत भरून काढण्याचे काम डेल्कोच्या पोटातील दोन लहानशी वजने करतात, जी वेगासरशी बाहेर फेकली जातात व मुहूर्त अलीकडे ओढतात. त्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या की तो सारा हिशेब बिघडतो.

मी हे प्रयोग करतो ती आमच्या सोसायटीच्या आवारातील पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली, १०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे, मूळ फियाट घराण्याचे इंजिन. याच जातीची मुंबईतील शेवटची टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आर.टी.ओ. दफ्तरी नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, रस्त्यावरून उतरली.

आता प्रत्यक्ष कृती. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि इंजिन हाताने फिरवावे. अंगठा आतल्या हवेने उचलला गेला की दाबाचा फेरा सुरू झाला असे समजावे. मग पुलीवरील खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर आणावी. बारा व्होल्टचा एक लहान बल्ब घेऊन त्याची एक तार डेल्कोच्या बाजूच्या टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावावी, चावी फिरवावी, डेल्कोचा बोल्ट सैल करून त्याचे अंग हळूहळू वळवावे. पॉइंट मिटलेले असेतो बल्ब विझलेला राहतो; ते उघडतात त्या क्षणी पेटतो, आणि तोच ठिणगीचा क्षण. रोटर ज्या दिशेने फिरतो तिच्या उलट वळविल्यास ठिणगी लवकर, त्याच दिशेने वळविल्यास उशिरा. येथे हात आवरता ठेवावा, कारण डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तो एक अंश हलला की टायमिंग दोन अंश हलते.

अंगठ्याचा सोपस्कार मी एकदा अनावश्यक ठरविला. खुणा जुळल्या, रोटर मात्र नेमका उलट्या टोकाला होता, आणि रविवारच्या सकाळी कार्बुरेटरमधून असा बार निघाला की दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खिडक्या एकदम उघडल्या. “साहेब, डेल्को अर्धा फेरा उलटा बसलाय,” एवढेच म्हणून आमचे मिस्त्री चहाला निघून गेले. पुलीवरील खूण चार धावांच्या चक्रात दोनदा समोर येते, पैकी एकदा धूर बाहेर काढण्याच्या धावेत, हे मला पाठ होते. कामाच्या वेळी आठवले नाही.

पुस्तकातला आकडा ही केवळ सुरुवात. तो ज्या काळी छापला गेला त्या काळचे पेट्रोल आज पंपावर मिळत नाही, आणि झिजलेल्या डेल्कोला पुस्तक ठाऊक नाही. म्हणून गरम इंजिनाची परीक्षा घोडबंदर रस्त्यावर, गायमुखच्या चढणीवर घ्यावी. वरच्या गिअरात रेस दाबताच पत्र्याच्या डब्यात खडे हलविल्यासारखी टणटण आली, तर ठिणगी फार लवकर पडते आहे. आवाज काही नाही, परंतु पिकअप मेलेला आणि तापमानाचा काटा वर चढलेला, तर ती उशिरा पडते आहे. पहिला दोष कानाला कळतो म्हणून लोक त्यालाच भितात. दुसरा मुकाट्याने पेट्रोल खातो व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो, आणि माझ्या मते तोच अधिक लबाड. सी.एन.जी.वर धावलेली जुनी टॅक्सी कोणी हौसेने विकत घेतली असेल, तर त्याने आणखी सावध असावे : तो वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो व टणटणही सहसा करीत नाही, त्यामुळे मिस्त्री अशा गाडीचे टायमिंग मुद्दाम पुढे ठेवीत, आणि तीच गाडी तशीच पेट्रोलवर आणली की चढणीवर ओरडू लागते.

टणटण जेमतेम थांबते त्या जागेच्या किंचित मागे डेल्को पक्का आवळावा आणि त्याच्या बुडापासून इंजिनच्या अंगापर्यंत तेलरंगाची एक बारीक सलग रेघ ओढून ठेवावी. पुढील लेखांकात कार्बुरेटर उघडू. तोपर्यंत त्याच्या स्क्रूला हात लावू नये.