‘झायोनिझम’ शब्द देणारा संपादक

ज्यू राष्ट्रवादाला ‘झायोनिझम’ हे नाव कुणी दिलं, ठाऊक आहे? व्हिएन्नाचे पत्रकार नाथान बिर्नबाउम यांनी, १८९० मध्ये, स्वतःच्या नियतकालिकातून!

१८९६ मध्ये व्हिएन्नाच्याच एका दैनिकातले थिओडोर हर्झल यांनी ज्यूंच्या स्वतंत्र राज्याची मांडणी करणारी पुस्तिका काढली. १८९७ च्या बाझल इथल्या झायोनिस्ट परिषदेत दोघंही होते.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. हर्झल धार्मिक नव्हते. ज्यूद्वेषावर राज्य हाच उपाय, असं त्यांचं मत. बिर्नबाउम आधी यिद्दिश भाषेकडे वळले, मग धर्मनिष्ठ झाले आणि झायोनिझमला विरोध करणाऱ्या ‘अगुदात इस्राएल’ संघटनेचे सरचिटणीस बनले.

प्रत्येक ज्यू झायोनिस्टच असतो, असं मानणाऱ्यांनी बिर्नबाउम यांचं आयुष्य जरूर वाचावं.

#इतिहास #ज्यूइतिहास