गुप्त शस्त्रे : पकड व चाप

गुप्त शस्त्रे : अंगावरील वस्त्रांत, अस्तनीत, मुठीत किंवा काठीसारख्या नित्याच्या वस्तूत दडवून बाळगता येतील अशा हातशस्त्रांना गुप्त शस्त्रे म्हणतात. वाघनख, बिचवा, गुप्ती व खिशात मावणारे पिस्तूल ही त्यांची परिचित उदाहरणे होत. या शस्त्रांच्या रचनेत दोन विरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. लपविण्यासाठी शस्त्र लहान, सपाट व हलके हवे; परंतु हाताला नीट बसण्यासाठी त्याची मूठ पुरेशी मोठी व भरीव हवी. तसेच ते क्षणात वापरता यावे. पण नकळत चालून बाळगणाऱ्यास किंवा त्रयस्थास इजा होऊ नये. वाघनखापासून आधुनिक पिस्तुलाच्या चापापर्यंत हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी आढळतो.

महाराष्ट्राच्या इतिहासातील गुप्त शस्त्राचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग महाड-पोलादपूरच्या परिसराशी निगडित आहे. हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांच्या सत्तेशी संबंधित होता. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी व त्यापाठोपाठ रायरी (पुढील रायगड) घेतली आणि पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड बांधविला. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा आजचा आंबेनळी घाट या गडाजवळूनच जातो. गडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज व विजापूरचा सरदार अफझलखान यांची भेट झाली. दोन्ही बाजूंस मोजकेच अंगरक्षक होते आणि प्रत्यक्ष भेट आलिंगनाच्या अंतरावरची होती. अशा अंतरावर लांब तलवार उपसून फिरविण्यास जागा नसते. उपयोगी पडते ते आखूड शस्त्र.

वाघनख म्हणजे पोलादी पट्टीवर बसविलेली चार किंवा पाच वाकडी नखे. पट्टीच्या दोन टोकांस असलेल्या कड्यांत बोटे अडकविली, की नखे तळहाताच्या आतल्या बाजूस राहतात व मूठ मिटल्यावर दिसत नाहीत. बाहेरून केवळ अंगठ्या घातल्यासारखे भासते. या शस्त्राला वेगळी मूठ नसते. हाताचा पंजा हीच त्याची मूठ. त्यामुळे ते हातातून सहसा गळत नाही. मात्र कडी बोटांच्या मापाची नसल्यास पट्टी फिरते आणि मूठ घट्ट आवळल्यास नखे स्वतःच्याच तळव्यात रुततात. वार फाडणारा असतो, खोल जाणारा नसतो.

बिचवा हे दुहेरी बाकाचे आखूड पाते असून विंचवाच्या नांगीशी असलेल्या साम्यामुळे त्यास हे नाव पडले. त्याची मूठ पुष्कळदा कडीसारखी बंदिस्त असते. त्यामुळे बोटे पात्यावर घसरत नाहीत व वार भोसकण्यासाठी वापरता येतो. कट्यारीची मूठ याहून वेगळी असते. दोन समांतर दांड्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर मूठ आवळली, की पाते बाहूच्या रेषेत येते व वारामागे खांद्याचे बळ मिळते. पकडीच्या दृष्टीने या तिघांत कट्यार सर्वांत भक्कम. पण ती सहज लपत नाही. वाघनख सर्वांत सहज लपते, पण त्याचा पल्ला सर्वांत कमी. बिचवा या दोहोंच्या मध्ये येतो. सभासद बखरीत (१६९७) वाघनख व बिचवा यांचा जोडीने उल्लेख येतो तो या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

तथापि या प्रसंगी कोणते शस्त्र वापरले गेले याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. समकालीन कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यात कृपाणाचा वार वर्णिला आहे, वाघनखाचा नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील, साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे असलेले वाघनख शिवाजी महाराजांचेच असल्याची परंपरा आहे. परंतु ते त्या भेटीत वापरलेले होय असे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द संग्रहालयाचेही म्हणणे आहे. तीन वर्षांच्या कराराने आणलेले हे वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शित झाले, तेव्हाही हा वाद पुन्हा उद्भवला. शस्त्राच्या घडणीवरून त्याचा उपयोग संभवनीय ठरविता येतो. तो प्रत्यक्ष झाला हे मात्र घडणीवरून ठरत नाही.

पिस्तुलाच्या प्रसाराने गुप्त शस्त्राचा पल्ला वाढला. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले व बेल्जियममध्ये तयार होणारे १९०० चे ७·६५ मिमी. पिस्तूल सु. १७ सेंमी. लांब, सु. ६२५ ग्रॅ. वजनाचे व सपाट असल्याने कोटात सहज मावे. वि. दा. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले १९०९ मध्ये चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठविली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळ्या झाडल्या त्या अशाच पिस्तुलाने. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

चाप : बोटाने ओढून पिस्तूल उडविण्याच्या भागास चाप म्हणतात. त्याच्या ओढीचे टप्पे असे : प्रथम सैल अंतर, नंतर ताण, मग सुटण्याचा क्षण, त्यापुढील अनावश्यक सरक आणि शेवटी चाप पुन्हा पकड घेईपर्यंतची परत. चाप सुखकर वाटतो तो केवळ हलका असल्यामुळे नव्हे. ताण एकसारखा वाढला व सुटण्याचा क्षण प्रत्येक वेळी त्याच जागी आला, तर जड चापही सुसह्य होतो. घोडा आधीच चढविलेला असल्यास चापाला केवळ तो सोडावयाचा असतो व सु. २ ते ३ किग्रॅ. ओढ पुरते. चापानेच घोडा चढवून सोडावयाचा असल्यास ओढ साधारणपणे ५ किग्रॅ.च्या आसपास जाते.

लहान पिस्तुलात ही अडचण विशेष जाणवते. अर्धा किग्रॅ. वजनाच्या शस्त्रावर ५ किग्रॅ. ओढ म्हणजे वजनाच्या दहापट बल. ते सरळ मागे न लागता किंचित बाजूला लागले, तरी नळीचे तोंड वळते. आखूड मुठीवर करंगळीला आधार मिळत नाही, त्यामुळे हे वळण रोखणेही कठीण जाते. चाप व मुठीची पाठ यांतील अंतर बोटाच्या मानाने जास्त असल्यास चापावर केवळ टोक पोहोचते. कमी असल्यास बोटाचा सांधा येतो. दोन्ही स्थितींत ओढ तिरकी होते. म्हणून एका हाताला सुखकर वाटणारे पिस्तूल दुसऱ्यास तसे वाटेलच असे नाही.

उलट, फार हलका चाप धोक्याचा असतो. नेमबाजीच्या स्पर्धांत १० मी. एअर पिस्तुलाच्या चापास किमान ५०० ग्रॅ. व २५ मी. पिस्तुलास किमान १,००० ग्रॅ. ओढ विहित आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले ते याच नियमांखाली. परंतु स्पर्धेत शस्त्र लक्ष्याकडेच रोखलेले असते व बोट निर्णयानंतरच चापावर येते. खिशात, घाईत वा भीतीने ताठलेल्या बोटाखाली तोच चाप अपघातास कारण होतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी या भयाने पिस्तुलांस सु. ५·४ किग्रॅ. ओढीचे चाप बसविले. पुढे २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगजवळ एका मारेकऱ्यावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात नऊ पादचारी जखमी झाले, तेव्हा जड चापामुळे नेम ढळतो काय, ही चर्चा झाली. अपघात टाळणारा चाप नेम बिघडवू शकतो व नेम सांभाळणारा चाप अपघात घडवू शकतो, हा पेच केवळ यंत्ररचनेने सुटत नाही. त्यास शिक्षण व सराव यांची जोड लागते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे. ९ मिमी. पिस्तूल सामान्य नागरिकास निषिद्ध असून ०·३२ इंची पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर परवान्यावर मिळू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. वाघनख चालविण्यास प्रतिस्पर्ध्याच्या मिठीत शिरावे लागे. पिस्तुलाच्या चापास बोटाची काही मिलिमीटर हालचाल पुरते, आणि ते बोट अजाण मुलाचेही असू शकते. म्हणून चापाच्या सुखदतेचा विचार त्याच्या सुरक्षिततेपासून वेगळा करता येत नाही.