शिवनाथचा ‘मी’ : संभाषणक्षम यंत्र आणि पंडवानीतील उसना आवाज

अचेतनाला चेतनाचे गुण बहाल करणाऱ्या उक्तीस मराठी अलंकारविचार ‘चेतनगुणोक्ती’ म्हणतो. तेथे नदी बोलली, तरी शब्द कवीचे आहेत याविषयी वाचकाला संदेह नसतो. संभाषणक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या कलाप्रयोगांनी नेमकी ही निश्चिती ढळवली आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या महिनाभराच्या प्रयोगात डोडो, तांबडा पांडा, ड्यूगाँग आदी तेरा नमुन्यांशी प्रेक्षकांना मोबाइलवरून प्रश्नोत्तरे करता आली. नामशेष झालेला डोडो ‘मी’ म्हणून उत्तर देई. येथे कवीची जागा रिकामी भासते. ती रिकामी नसते, इतकेच.

या ‘मी’ची घडण तपासण्यास भिलाईचा परिसर विशेष उपयुक्त ठरतो. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई यांनी भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केली आणि पंडवानी जगभर नेली. पंडवानीत एकच गायिका भीम होते, दुःशासनही होते. हातातील तंबुरा गदा बनतो आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा तंबुरा. आवाज उसना आहे हे कोणी लपवीत नाही. शिवाय शेजारी ‘रागी’ असतो. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न घालतो, कथेला अडवतो. वेदमती शाखा लिखित संहितेला धरून चालते, तर तीजनबाईंची कापालिक शाखा स्मृतीवर आणि उत्स्फूर्ततेवर. या वर्गीकरणात यंत्र बसवायचेच झाले, तर ते वेदमतीच ठरेल.

ही बाब केवळ वर्गीकरणाची नाही. दुर्ग-भिलाईजवळून वाहणाऱ्या शिवनाथ नदीचे तेवीस किलोमीटरांहून अधिक पात्र १९९८ मध्ये, तत्कालीन अविभाजित मध्य प्रदेशात, बोरई औद्योगिक क्षेत्राच्या पाणीपुरवठ्यासाठी बावीस वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीकडे गेले. मासेमारीवर व नदीच्या नित्य वापरावर निर्बंध आल्याची तक्रार काठच्या गावांनी केली. या नदीला यंत्राद्वारे आवाज द्यावयाचा, तर तो कोणत्या सामग्रीतून घडेल? करार, अहवाल, वृत्तपत्रे हे सारे लिखित आहे. केवटांची तक्रार बव्हंशी छत्तीसगढीत आणि मौखिक राहिली. परिणामी शिवनाथ कराराचीच भाषा बोलेल, आणि तीही अत्यंत आर्जवाने.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेस विधिक व्यक्तित्व दिले तेव्हा त्यांच्या वतीने बोलणारे अधिकारीही नेमून दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्या निर्णयास स्थगिती दिली. पण नदीचा ‘मी’ कोण उच्चारणार, हे निदान कागदावर स्पष्ट होते. कलाप्रयोगात हे काम रागीकडे सोपवता येईल. यंत्राशेजारी दुसरा आवाज असावा आणि त्याने शिवनाथच्या प्रत्येक विधानानंतर ‘हे कोठून आले?’ असे विचारावे. केवटांनी सांगितलेले त्यात काहीच नसेल, तर ते पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच प्रेक्षकांपुढे येईल.