द्राक्षाच्या पेटीतला गारवा आणि गंधकाचा कागद



वेलीवरून घड कापला म्हणजे तो मेला असे नाही. कापल्यावरही मण्यांचा श्वास चालूच असतो. फरक इतकाच की आता त्याला मुळांकडून पाणी नाही आणि पानांकडून साखर नाही. जी शिदोरी जवळ आहे तीच तो खात बसतो. आंबा किंवा केळी काढल्यावर आढीत पिकतात, गोड होतात. द्राक्षाचे तसे नाही. काढणीच्या वेळी जी गोडी असेल तीच शेवटची. त्यानंतर मालात चांगले असे काही वाढत नाही, फक्त कमी होते. म्हणून काढणीनंतरचे सगळे काम म्हणजे ही घट लांबवण्याचे काम.

हा माल परदेशी पाठवायचा तर नाशिक-सांगलीच्या बागेपासून युरोपातल्या दुकानापर्यंत त्याला कित्येक आठवडे टिकावे लागते. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. अशा वेळी माल तारणाऱ्या गोष्टी दोनच: गारवा आणि पेटीतला गंधकाचा कागद. या दोन्ही गोष्टी पुष्कळांच्या हाताखालून जातात, पण त्या कशा चालतात हे नीट माहीत नसले म्हणजे वर्षभराची मेहनत एका दुपारात वाया जाते.

माल किती तापलेला असतो?

मार्चमधल्या दुपारी मण्याच्या आतली उष्णता ३२ अंशांच्या आसपास सहज जाते. तापमान दहा अंशांनी वाढले की फळाचा श्वास साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे गार घडाला जे नुकसान व्हायला दिवस लागेल, ते तापलेल्या घडाला काही तासांत होते. पहिला मार बसतो देठाला. मणी टवटवीत दिसत असतात, पण वजनात दोन-तीन टक्के घट झाली की देठ तपकिरी पडू लागतो. परदेशचा व्यापारी आधी देठ बघतो, मणी नंतर.

आता ही धग काढायची म्हणजे किती काम आहे, त्याचा हिशेब बघा. एक टन द्राक्षे ३२ अंशांवरून २ अंशांवर आणायची तर सुमारे ३२० किलो बर्फ वितळेल इतकी उष्णता बाहेर काढावी लागते. घरातला एसी "दीड टनाचा" म्हणतात, तो टन बर्फाचाच. अमेरिकेतला एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढे काम करणारे यंत्र एक टनाचे. असल्या एक टनाच्या यंत्राला एक टन तापलेली द्राक्षे गार करायला आठ तासांहून जास्त वेळ लागतो. भिंतीतून आणि दारातून आत येणारी उष्णता यात धरलेली नाही. यावरून ध्यानात येईल की साठवणीच्या साध्या शीतगृहात गरम माल भरणे म्हणजे माल गार करणे नव्हे, तर शीतगृह गरम करणे होय.

प्री-कूलिंग म्हणजे काय?

गरम भाकऱ्या दुरडीत एकावर एक रचल्या, तर मधली भाकरी तासाभरानेही गरमच लागते. त्याच पसरून वारा घातला तर लगेच गार होतात. पेट्यांचेही असेच आहे. थंड खोलीत पेट्यांची थप्पी लावली तर थंड हवा बाहेरून फिरते, मधली पेटी तशीच धुमसत राहते. तिला गार व्हायला दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

यावर कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात एक साधी युक्ती निघाली. पेट्यांच्या दोन रांगा लावायच्या आणि मध्ये बोळ ठेवायचा. बोळाचे तोंड व वरची बाजू ताडपत्रीने झाकायची आणि दुसऱ्या टोकाला मोठा पंखा लावून बोळातली हवा ओढून घ्यायची. मग थंड हवेला दुसरी वाटच राहत नाही. पेटीच्या भोकांतून, मण्यामण्यांच्या मधूनच तिला जावे लागते. यामुळे दिवसाचे काम सहा ते आठ तासांत उरकते. पेटीची भोके याचसाठी असतात. दोन पेट्यांची भोके समोरासमोर आली नाहीत किंवा ताडपत्री फाटलेली असली, तर पंखा फिरतो, वीजबिल येते, पण माल गार होत नाही.

गार होण्याची चालही समजून घ्या. ३२ अंशांचा माल शून्य अंशाच्या हवेत ठेवला आणि पहिल्या दोन तासांत तो १६ वर आला, तर पुढच्या दोन तासांत तो शून्यावर येत नाही. तो येतो ८ वर. आणखी दोन तासांनी ४ वर. दर वेळी उरलेल्यातले निम्मेच कमी होते. म्हणून "चार तास झाले, आता पुरे" म्हणून गाडी भरण्याची घाई करू नका. घड्याळ बघू नका, थप्पीच्या मधल्या पेटीतल्या मण्यात थर्मामीटरची सुई खुपसून बघा.

गारव्याने न मरणारी बुरशी

गारव्याने पुष्कळ रोगजंतू झोपतात. पण राखी बुरशी, म्हणजे शास्त्रज्ञ जिला बोट्रायटिस म्हणतात, ती शून्य अंशालाही हळूहळू वाढत राहते. एका मण्यातून शेजारच्या मण्यात शिरते आणि महिन्याभरात पेटीत राखाडी लोकरीचे घरटे करते.

तिच्यावर गंधकाचा वायू चालतो. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तेव्हा नाकाला झोंबतो तोच हा वायू, सल्फर डायऑक्साइड. ताज्या द्राक्षासाठी त्याचा उपयोग कसा करावा, याचे संशोधन कॅलिफोर्निया विद्यापीठातील विंकलर आणि जेकब यांनी १९२५ साली प्रसिद्ध केले. तिथली शीतगृहे मग ठराविक दिवसांनी पुन्हा पुन्हा ही धुरी देऊ लागली. पण अडचण अशी की बंद पेटी एकदा जहाजावर चढली की तिला समुद्रात धुरी कोण देणार? मग धुरीच पेटीत घालून पाठवायची कल्पना पुढे आली आणि त्यातून दोन टप्प्यांत वायू सोडणारा कागद तयार झाला.

कागद आणि औषधाची गोळी

हा कागद समजायचा तर आधी दवाखान्यातली गोष्ट ऐका. पूर्वी एखाद्या औषधाची गोळी दिवसातून तीन-चार वेळा घ्यावी लागे. घेतली की अंगात औषध एकदम चढे, काही तासांत उतरे. १९५२ साली अमेरिकेतल्या स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीने एक नवी कॅप्सूल बाजारात आणली. तिच्यात खसखशीसारखे शेकडो बारीक दाणे होते. काही दाण्यांवर लेप नव्हता, काहींवर पातळ होता, काहींवर जाड. उघडे दाणे लगेच विरघळत, पातळ लेपाचे काही तासांनी, जाड लेपाचे आणखी उशिरा. एकदाच घेतलेले औषध दिवसभर पुरू लागले. आपल्या ओळखीचे दुसरे उदाहरण म्हणजे निमाचा लेप दिलेला युरिया. २०१५ पासून देशात युरिया असा लेप देऊनच विकावा असा नियम झाला. हेतू हाच की नत्र एकदम वाया न जाता सावकाश पिकाला मिळावे.

द्राक्षाच्या कागदात हीच युक्ती आहे. त्याच्या कप्प्यांत सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड असते. तिला ओल लागली की गंधकाचा वायू सुटतो. ओल कुठून येते? तर द्राक्षाच्या श्वासातून आणि पेटीतल्या दमट हवेतून. पुडीचा एक भाग पातळ कागदाखाली असतो. त्याचा वायू पहिल्या एक-दोन दिवसांत सुटतो आणि मण्याच्या पाठीवरची, ओरखड्यांतली बुरशी मारतो. दुसरा भाग मेण किंवा प्लास्टिकच्या थरात असतो. तिथे ओल सावकाश पोचते, म्हणून वायू थोडाथोडा, कित्येक आठवडे सुटत राहतो आणि एका मण्याची बुरशी दुसऱ्यात जाऊ देत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या औषधाचा नळ माणसाच्या हातात नाही, तो ओलीच्या आणि उष्णतेच्या हातात आहे. गारवा नीट असेल तर नळ थेंबथेंब गळतो. पेटी तापली किंवा आत पाणी धरले, तर नळ एकदम सुटतो. मग होते काय? आठवडे पुरायचा वायू थोड्या दिवसांत संपतो. मण्याच्या देठाजवळ आणि चिरांपाशी साल पांढुरकी पडून खचते. मालाला गंधकाचा वास आणि चव येते. द्राक्षात या वायूचा अंश किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, असा युरोपचा नियम आहे. आणि एवढे होऊन प्रवासाच्या शेवटी कागद रिकामा, बुरशीला रान मोकळे. म्हणून "गारवा कमी आहे तर दोन कागद घाला" हा सल्ला उफराटा आहे. कागद गारव्याची जागा घेऊ शकत नाही. तो गारव्याच्या हाताखालचा गडी आहे.

काय करावे?

१. काढणी पहाटे सुरू करा आणि ऊन चढण्याआधी थांबवा. दव वाळल्याशिवाय घडाला हात लावू नका. पाऊस झाला असेल तर मणी पूर्ण कोरडे होऊ द्या.

२. क्रेट उन्हात ठेवू नका. बागेतच सावली करा. चार ते सहा तासांच्या आत माल प्री-कूलिंगला लागलाच पाहिजे.

३. फुटके, चिरलेले, डागी मणी कात्रीने काढून टाका. मण्याच्या आत शिरलेली बुरशी वायूने मरत नाही. ती बागेतच रोखावी लागते.

४. प्री-कूलिंगच्या वेळी पेटीतली प्लास्टिकची पिशवी उघडी ठेवा. मण्याचे तापमान २ ते ४ अंशांवर आले की मग कागद ठेवा आणि पिशवी मिटा. गरम मालावर पिशवी मिटली की आत पाणी धरलेच म्हणून समजा.

५. कागदाची कोणती बाजू मालाकडे करायची ते त्यावर छापलेले असते, तसेच ठेवा. कागद फाडू नका, अर्धा कापून वापरू नका, ओल्या हाताने धरू नका. गठ्ठा एकदा फोडला की उरलेले कागद हवाबंद करून कोरड्या जागी ठेवा.

६. साठवण शून्य अंशाच्या आसपास आणि हवेतला दमटपणा ९० ते ९५ टक्के असावा. गार माल बाहेरच्या उष्ण हवेत आणला की पेटीला घाम येतो. म्हणून कंटेनर दाराला भिडवूनच भरा, मध्येच चहाला थांबू नका.

७. कंटेनरचे यंत्र माल गार करण्यासाठी नसते, गार माल गार ठेवण्यासाठी असते. "वाटेत होईल गार" या भरवशावर गरम पेटी चढवू नका. तापमान नोंदवणारे छोटे यंत्र आत ठेवा. पुढे वाद झाला तर तीच नोंद तुमची साक्ष.

८. माल साध्या ट्रकने जवळच्या बाजारात जाणार असेल तर हा कागद घालू नका. उन्हात तो फायद्यापेक्षा तोटाच करील. तिथे सावली, रात्रीचा प्रवास आणि लवकर विक्री हेच औषध.

घरातल्यांसाठी दोन शब्द

कागदातली पूड डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका. वापरलेले कागद मुलांच्या हाती देऊ नका, त्यात खाण्याची वस्तू बांधू नका. दम्याच्या माणसाला हा वायू बाधतो, त्याला पॅकिंगच्या या कामावर लावू नये.

आणि गोळीची गोष्ट निघालीच आहे तर तेही सांगतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या काही गोळ्यांच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा सीआर अशी अक्षरे असतात. या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून काही घरांत अशी गोळी कुटून पाण्यातून देतात. तसे करू नका. कुटल्यावर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते आणि जिवावर बेतू शकते. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते दुसऱ्या प्रकारचे औषध देतील.

जे सावकाश सुटावे म्हणून बनवले आहे, ते सावकाशच सुटू द्यावे. मग ती घरातली गोळी असो की पेटीतला कागद. ही पत्रिका पॅकिंगच्या जागी भिंतीला लावून ठेवा आणि काढणीच्या आदल्या दिवशी मजुरांना वाचून दाखवा.