टेकडीवर पट्टा काढण्याआधी

पुण्याच्या वेताळ टेकडीवर कुत्री घेऊन येणाऱ्या सगळ्यांसाठी!

‘घाबरू नका, काही करत नाही’ या वाक्याने घाबरलेल्या माणसाला धीर येत नाही. कुत्रा एका हाकेत तुमच्याजवळ परत आला, की धीर येतो. म्हणून आधी हाक पक्की करा.

1. सराव घरात सुरू करा, मग सोसायटीच्या आवारात, मग मोकळ्यावर 10 मीटरच्या लांब दोरीने. ही दोरी हार्नेसलाच बांधा, गळपट्ट्याला बांधली तर मानेला हिसका बसतो.

2. आला की खाऊ द्या. उशिरा आला तरी रागावू नका. फक्त घरी निघतानाच बोलावलंत, तर हाक म्हणजे खेळ संपला, हे तो लगेच शिकतो. मधूनमधून बोलवा, खाऊ द्या, पुन्हा सोडा.

3. लहान मुलं, आजी-आजोबा, धावणारे दिसले की पट्टा लावा. समोरचा कुत्रा पट्ट्यात असेल तर आधी विचारा. त्याला दूर सरकता येत नाही, म्हणून तो बिथरतो.

4. टेकडीवर मोर आहेत आणि टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. झाडोऱ्यात आणि माळावर पट्टा हवाच.

कायदाही माहीत हवा. पाळलेल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हाकेला न येणाऱ्या कुत्र्याला लांब दोरीवरच फिरवा. दोरीवरही तो मनसोक्त हुंदडतो!