डोममध्ये घर बांधायचंय? आधी पावसाचं बोलू

डोममधल्या मुक्कामाची रील्स तुम्ही पाहिली असतीलच. त्रिकोणी काचा, वर तारे, हातात चहाचा कप. ते बघून डोक्यात येतंच की गावाकडच्या जागेवर असंच घर बांधलं तर? पण एका रात्रीचा मुक्काम वेगळा आणि वीस वर्षांचं गृहकर्ज वेगळं. म्हणून आजच्या भागात बघू, जिओडेसिक डोममध्ये खरंच संसार थाटला त्यांचं काय झालं.

आधी हा प्रकार समजून घेऊ. आईस्क्रीमच्या चार काड्या टोकांना टाचणीने जोडून चौकोन करा. एका कोपऱ्यावर दाबलं की तो कलंडतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा. काडी मोडेल, पण आकार बदलणार नाही. असे बरेच त्रिकोण जोडून गोलाचा भाग तयार केला की झाला जिओडेसिक डोम. एका जागी पडलेला भार आजूबाजूच्या काड्यांमध्ये वाटला जातो, म्हणून आत खांब लागत नाही. शिवाय तेवढंच घनफळ झाकायला गोलाला पृष्ठभाग कमी लागतो. म्हणजे साहित्य कमी, आणि वाराही गोल अंगावरून सरकून जातो.

असा घुमट जर्मनीत येना इथे वॉल्टर बाउअर्सफेल्ड यांनी १९२० च्या दशकातच तारांगणासाठी बांधला होता. पण त्याला जगभर नेलं अमेरिकेच्या बकमिन्स्टर फुलर यांनी. १९५४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आणि हा माणूस नुसता बोलला नाही, स्वतः डोममध्ये राहिला. इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावात १९६० मध्ये ६० लाकडी त्रिकोण जोडून त्यांचं घर उभं राहिलं. व्यास ३९ फूट, म्हणजे खाली साधारण १२०० चौरस फूट जागा. सांगाडा एका दिवसात उभा! फुलर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅन तिथे १९७१ पर्यंत राहिले. पण घर गळायला लागलं आणि वरून शिंगल्स ठोकाव्या लागल्या.

आता का गळतं ते बघा. ६० त्रिकोण म्हणजे ऐंशीच्या आसपास सांधे, आणि सगळे वेगवेगळ्या दिशांना. आपल्या कौलारू छपरात वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, त्यामुळे पाणी आपोआप पुढे जातं आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. डोमला वळचणच नाही. छप्पर हीच भिंत, त्यामुळे वरचं सगळं पाणी खिडकी-दारावरूनच ओघळतं. त्यात उन्हाने पॅनेल प्रसरण पावतात, रात्री आकुंचन पावतात आणि सांध्यातलं सीलंट हळूहळू तडकतं. एक सांधा नीट केला की दुसरा सुरू.

ही गोष्ट सगळ्यात प्रामाणिकपणे सांगितली लॉइड कान यांनी. कॅलिफोर्नियात एका शाळेच्या परिसरात त्यांनी मुलांबरोबर १७ डोम उभे केले. १९७० आणि १९७१ मध्ये डोम कसे बांधायचे यावर दोन पुस्तकं काढली, आणि ती वाचून लोकांनी डोम बांधायचा धडाकाच लावला. पण अनुभव घेतल्यावर कान यांनी ती पुस्तकं छापणं बंद केलं. चालणारं पुस्तक कोण बंद करतं, सांगा!

त्यांची तक्रार फक्त गळतीची नव्हती. प्लायवूड येतं आयताकृती, त्यातून त्रिकोण कापले की तुकडे वाया. भिंत वाकडी, मग कपाट टेकवायचं कुठे? मधे पार्टिशन घालायचं तर सुताराचा घाम निघतो. कडेला डोकं आपटतं, म्हणजे १२०० फुटांतली सगळी जागा वापरताच येत नाही. आणि आवाज! विजापूरच्या गोल घुमटात कुजबुज पलीकडे ऐकू येते म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण घरात आई फोनवर आणि तुमची ऑनलाइन मीटिंग चालू असेल तर? उद्या एक खोली वाढवायची म्हटलं तर तेही अवघड.

मग डोम वाईट का? अजिबात नाही. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन संशोधन केंद्रावर १९७५ पासून कितीतरी वर्षं सुमारे ५० मीटर व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा डोम होता. गंमत बघा, माणसं राहायची ती आतल्या साध्या चौकोनी इमारतींमध्ये. डोमचं काम फक्त वारा आणि बर्फ अडवायचं. मोठी जागा एका आवरणाखाली घ्यायची असेल, तर डोमला तोड नाही. हरितगृह, सभागृह, वर्कशॉप, मस्त! पण घर म्हणजे मोठी मोकळी जागा नव्हे. घर म्हणजे मोरी, माळा, कपाट, वळचण, आणि नंतर वाढवलेली खोली.

तरीही मन डोमवरच असेल, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. एक, निदान चार-पाच पावसाळे काढलेला डोम जुलैमध्ये जाऊन बघा, आणि मालकाशी बोला, विकणाऱ्याशी नाही. दोन, सांधा गळला तर तुमच्या तालुक्यात तो दुरुस्त करणारा कोण, ते नावानिशी विचारा. तीन, बांधकाम परवानगी आणि गृहकर्ज मिळेल का, ते लेखी घ्या.

घराचा निर्णय घेणारं कोणी ओळखीत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!